हीटर, चार टक्के

कुंडईच्या शेडमध्ये आमचं पहिलं बाळ म्हणजे
सलाइनची एक लिटरची पिशवी.
तिला गादीवर निजवायचं,
पोटावर सेन्सर चिकटवायचा
आणि रात्रभर जागायचं, मी आणि मिंगेलने.
छत्तीस पूर्णांक पाच मागितले
तर मशीन धावत अडतीसला जाई,
मग घाबरून पस्तीसवर.
मिंगेल म्हणाला, नवखा बाप आहे,
दुलई घालतो, काढतो, पुन्हा घालतो.

मिंगेलची बत्तीस वर्षं जहाजाच्या इंजिनात गेली.
पंख्याचं बेअरिंग कुरकुरतं का,
हे तो स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून ऐकतो.
मीटरवर आवाज नियमात बसत होता.
त्याने मीटर बाजूला ठेवला,
झाकण उचलून आपलं टक्कल आत घातलं:
आता खिटी लाव.
लावली.
बाहेर आला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.
"बाय, भितर बंदूक फुटली."
दुसऱ्या दिवशी खिटीला रबर आलं.

उष्णता चार वाटांनी पळते,
कॉलेजात घोकलं होतं.
एक वाट मला फार उशिरा कळली.
हवा कोमट, गादी कोमट, ओलावा पुरेसा,
तरी एसीच्या खोलीत पिशवी गार पडे.
ती थंड भिंतीकडे बघत होती, एवढंच.
नुसतं बघण्यानेही ऊब जाते.
म्हणून मग ॲक्रिलिकच्या दोन भिंती
आणि मधून गरम हवेचा पातळ पदर.

पावसाळ्यात खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडल्या.
कंट्रोल बोर्डावर मुंग्यांनी अंडी घातली,
नेमकी ट्रान्सफॉर्मरच्या कुशीत.
ब्रशने झाडताना माझा हात
थोडा अडला.

मडगावला, तिसऱ्या मजल्यावर, मशीन लागलं.
पट्टीवर लिहिलेलं: सुकांती वेळीप हिचं बाळ.
नऊशे ऐंशी ग्रॅम.
आमच्या पिशवीपेक्षा वीस ग्रॅम कमी.
पिशवीने कधी जांभई दिली नव्हती.

सुकांती काणकोणच्या आतल्या गावची.
आठ दिवस ती मशीनपासून हातभर दूर उभी,
हात धुतलेले, पुन्हा धुतलेले, अधांतरी.
त्या दोन गोल खिडक्या आपल्यासाठीही आहेत
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.
ड्रॉइंगवर मीच लिहिलं होतं: नर्सिंग पोर्ट.

नवव्या दिवशी सिस्टर पिएदादने
तिची मनगटं धरली आणि आत नेली.

खिडकी उघडली की हवा गळते,
हीटर चढायला हवा.
चढला. साठ. पासष्ट.
तिथून उतरू लागला.
चाळीस.
बावीस.
मी सेन्सरला दोष दिला,
तळहाताखाली दबला असणार.
वाकून पाहिलं:
पोटावर चंदेरी टिकली उघडीच होती, लखलखीत.
आईचा एक हात डोक्यावर, टोपीसारखा,
दुसऱ्या मुठीत दोन्ही पावलं.
नऊ.
चार.
वहीत वेळ टिपली, पुढे 'बिघाड' लिहिलं,
मग खोडलं.

चाळीस मिनिटं पडद्यावर चारच होते.
माझ्या दोन वर्षांच्या कामाला
आता काही काम उरलं नव्हतं,
आणि मी त्याच्याकडे बघत बसले होते,
पोर झोपल्यावर बघावं तशी.

मग लक्ष खाली गेलं.
सुकांतीच्या टाचा जमिनीला टेकत नव्हत्या.
खिडकीची उंची मी मोजली होती
उंच नर्सच्या कोपराला धरून.
ती सगळा वेळ चवड्यांवर उभी होती,
पोटऱ्या थरथरत होत्या,
हात मात्र स्थिर.

जिन्यातूनच मिंगेलला फोन लावला.
स्टँड खाली घ्यायचा. बराच खाली.
"कित्याक गो? सगळें पास जालां न्हू?"
पास झालंय, म्हटलं.
पण आईला बसायचं असतं.