तीस मायक्रॉन

पाणी चालत नाही याला.
फणसे सरांनी बाटली पुढे केली: अल्कोहोलवर घास.
साडेचार अब्ज वर्षं कोरडा राहिलाय,
आपल्या नळाने गंजायला नको.

डेसरकडच्या जेठाभाईंच्या गोठ्याचा पत्रा फोडून
तो म्हशीच्या गव्हाणीत पडला.
त्यांनी आधी कुंकू लावलं, मग फोन.
वहीत मी लिहिलं:
काळी कवची, नखाहून पातळ;
तिच्यावर हळद, चुना – पृथ्वीवरचे.

काचेच्या पाटीवर आठचा आकडा काढत राहते,
तीस मायक्रॉन उरेस्तोवर.
दांडिया बाजारातल्या सहाणेवरचं माझं मनगट
इथे बडोद्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलं.

मग ध्रुवित उजेडात
ऑलिव्हिन मोरपंखी, की लगेच गुलाबी,
मंच थोडा फिरवला की विझतं.
पायरॉक्सिनच्या राखी काड्या.
आणि गोल गोल थेंब, वितळून थिजलेले,
पडायला जमीनच नव्हती तेव्हाचे.
लोखंड-निकेल मात्र काळंच.
कितीही फिरवा.

शनिवारी जेठाभाई आले,
चप्पल दाराबाहेर काढून स्टुलावर अवघडून बसले.
"बेन, सोनुं छे आमां?"
आहे, म्हटलं. असे दहा टन पडले
तर एक अंगठी होईल.
ते हसले. मग जरा थांबून,
त्या दिवसापासून म्हैस पान्हा सोडत नाही,
तेही दिसतं का यात?

मी भिंगाला डोळा लावला.
परत एकदा मंच फिरवला.