पाणी बंद

मिरज, बेड अकरा. पहाटे सहापासून पाणी बंद.
सिस्टर रूथनं नळाला बँडेज गुंडाळलं,
फुलदाणीही रिकामी केली,
मागं एक पेशंट तीच प्यायला होता.

चनाप्पा बिरादार, वय एकोणचाळीस, तालुका जत.
कामधंदा : कॅनॉलवर पाटकरी.
उन्हाळ्यात डफळापूरच्या वळणावर
गाडीवरून डोक्यावर पडला. टाके सहा.
जखम भरली, मग तहान लागली.

दिवसाला चौदा लिटर.
गावात टँकर आठवड्याला दोनदा.
शेजारीण म्हणाली, काशव्वा, घरात काय म्हैस बांधलीस?
काशव्वा बोलली नाही.
त्याचे तांबे मोजायचं तिनं सोडलं,
स्वतःचे मोजू लागली.

माझं काम दर तासाला भांडं न्यायचं, मापायचं, लिहायचं.
सातला सहाशे मिली. आठला साडेपाचशे.
घनता एक हजार दोन. पुन्हा एक हजार दोन.
नळी उजेडाला धरली तर पलीकडच्या कॅलेंडरवरची
संकष्टी वाचता येत होती.
वजन अठ्ठावन्नचं सत्तावन्न झालं, मग त्याच्याही खाली.
तीन टक्के घटलं की थांबायचं, असं कागदावर आहे.
तो भिंतीकडं तोंड करून
जीभ ओठांवरून फिरवत होता. जिभेलाच ओल नव्हती.

"ताई, आत नेमकं काय बिघडलंय?"

मी स्टूल ओढलं. त्याच्या भाषेत सांगून बघितलं :
मूत्रपिंडात शेवटची एक चारी असते,
खारट रानातून खोल जाणारी.
इकडं कृष्णाकाठी मीठ फुटलंय ना, तसलं रान.
चारीच्या भिंतीतल्या पेशी दारं आतच ठेवतात,
बारीक फुग्यांत गुंडाळून.
मेंदूच्या बुडाशी हरभऱ्याएवढी गाठ, तिथून चिठ्ठी सुटते,
रक्तातून येते, पेशीची मागची कडी वाजवते.
आत एकाचा निरोप दुसऱ्याला,
फुगे सरकतात, चारीच्या बाजूला दारं बसतात,
आणि पाणी एकामागं एक, अगदी रांगेत,
मिठाच्या ओढीनं परत अंगात.
"तुमच्यात चिठ्ठीच सुटत नसावी. दारं आहेत. पडून आहेत."

तो कुशीवर वळला.
"म्हणजे आमच्यात दार उघडलं की पाणी जातं,
आणि ह्यात उघडलं की ऱ्हातं?"
"हो."
"उलटंच की सगळं."
बराच वेळ पंख्याकडं बघत राहिला.
"एकदा सेक्शन ऑफिसचा निरोपच आला नाही.
निरोपाबिगर दाराला हात लावायचा नाही, तसा कायदाच हाय.
बाराव्या चारीवर मका उभी वाळली.
पाणी तिच्या अंगावरनंच चाललं हुतं,
खाली, ओढ्याला. मी बसून बघितलं."

नऊला छप्पन्न दोन. डॉक्टर म्हणाले, बास.
नाकात दोन फवारे. अर्धा कप पाणी, मापून.
त्यानं ते चहासारखं प्यायलं, फुंकर घालून.

दहाला दीडशे.
अकराला चाळीस, पिवळी, हळद कालवल्यासारखी.
घनता एक हजार सोळा.
मी नळी धुऊन पुन्हा केली. एक हजार सोळा.
निरोप पोचला होता.
सांगायला गेले तर तो झोपला होता,
तोंड उघडं, एक पाय कॉटच्या बाहेर.

काशव्वाला आत सोडलं.
पदराखाली लपवलेली बाटली तिनं बाहेर काढली, काठोकाठ भरलेली.
त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं,
आणि उभ्यानंच पिऊन टाकली, न थांबता,
गळ्यावरून ओघळ आला तोही पुसला नाही.

मग म्हणाली, "हे औषध केवढ्याला?"
सांगितलं. रोज दोनदा, तेही सांगितलं.
आणि फ्रीजमध्ये ठेवावं लागतं.
ती बाटलीचं झाकण फिरवत राहिली.
"फ्रीज हाय," म्हणाली, "शेजारणीकडं."