पाणी आल्याच्या दुसऱ्या दिवशी

सोलापुरात नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांआड.
ज्या पेठेत आलं, तिथून
दुसऱ्या दिवशी मला फोन येतो.
लोक साठवतात, धुतात, सावकाश आंघोळी करतात,
संडासात दोन बादल्या जास्त ओततात,
आणि खालचं वर येतं.
पाण्याचं वेळापत्रक महापालिकेकडं असेल-नसेल,
माझ्या मोबाईलात आहे.

गाडी चार हजार लिटरची.
मागं पिवळ्या अक्षरात
श्री रेवणसिद्ध सेप्टिक टँक सर्व्हिस,
खाली नंबर, आणि नंबरच्या खाली
पेंटरनं न विचारता काढलेला मोर.
पुसायला लावला नाही.

पत्ता सांगताना लोक आवाज खाली घेतात.
'गाडी जरा लांब लावा.'
पाइप नव्वद फुटांचा आहे.
लाज त्याहून लांब निघाली तर
एक जोड केबिनमागं ठेवलेला असतो.

जुळे सोलापुरात एका घरी हळद होती,
मांडवात पाहुणे, टाकी तुडुंब.
नवरीचा बाप रात्री बोळात बॅटरी घेऊन उभा.
'डीजे थांबला की सुरू करा,' म्हणाला.
मी म्हटलं, उलटं करू.
डीजे आहे तोवर माझा पंप कुणाला ऐकू येतोय.
वीस मिनिटांत काम झालं.
पैसे त्यानं पाकिटात घालून दिले,
आहेराच्या पाकिटात,
वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं.

तळाला गाळ बसतो. काळा, घट्ट,
पंपाचं न ऐकणारा.
'एकाला खाली उतरवा की, पाचशे जादा देतो.'
होटगी रोडचा एक कारखानदार तर
टॉवेल घेऊनच आला,
त्याच्याच मागावरचा, लेबलासकट,
'वर आला की पुसायला.'
दस्तगीर माझ्याकडं बघतो.
एकोणीस वर्षांचा पोरगा.
त्या पाचशेचं तो काय काय घेणार
हे मला त्याच्या तोंडावर वाचता येतं.
मी टाकीत पाणी सोडतो, बांबूनं ढवळतो,
परत ओढतो. परत सोडतो.
डिझेल माझं जळतं.
'मामा, दम धरला असता की मी,' दस्तगीर म्हणतो.

यल्लाप्पानंही दम धरला होता.
तेव्हा गाडी माझी नव्हती,
मी फक्त चालवत होतो.
फक्त हा शब्द
त्यानंतर मी कुणाला सांगताना वापरलेला नाही.

विडी घरकुलात राजमणी सादूलची टाकी
दर दीड वर्षानं.
ती उंबऱ्यात बसलेली, मांडीवर सूप,
पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा मारायचा.
मी पाइप गुंडाळेपर्यंत
तिचे चार कट्टे होतात.
मग पिंपातून तांब्याभर पाणी, वर साबण.
'अजून घे,' म्हणते.
पाण्याला अजून तीन दिवस आहेत,
तरी म्हणते.

मी हात हुंगून बघतो. सवय.
काही कळत नाही, कधीच कळत नाही.
'मलाबी माझ्या हाताचा येत नाही बघ,' ती म्हणाली,
'नातू तोंड फिरवतो, तवा समजतं.'
आणि हात पुढं केला. सांग की, येतो का?
मी वाकलो.
तंबाखू, ओलं पान, थोडं खोबरेल.
येतो, म्हटलं.
मग मी माझा पुढं केला.
तिनं बराच वेळ लावला.

'डिझेल,' म्हणाली.

साबण म्हणाली असती
तर मला खोटं वाटलं असतं.

झाकण नीट बसव बे, मी दस्तगीरला ओरडलो,
उगीचच, त्यानं नीटच बसवलं होतं.
गाडी भरलेली.
देगावच्या प्लँटचं गेट सहाला बंद होतं.