फळीचं दुसरं टोक

आई फोन करायची दर गुरुवारी,
आणि बोलून झालं की म्हणायची, थांब.
मग सपाता ओढत अंगण ओलांडून
फोन धरायची वडिलांच्या छपरीच्या दाराशी.
ठक्. ठक्. मध्ये थोडं काही नाही. ठक्.
"ऐकलंस? बरे आहेत."
अकरा वर्षं त्यांची खुशाली मला
अशी वाकसाच्या घावांनी कळत गेली.

मी तिकडे तुझलाच्या गोदीत,
पोलादी जहाजाच्या पोटात उकिडवा,
वेल्डिंगची काच कपाळावर सारून घाव मोजायचो.
एका हिवाळ्यात दोन घावांच्या मध्ये
पेलाभर पाणी पिऊन होईल एवढं अंतर पडलं.
मी विचारलं नाही.
तिनंही फोन जरा आधीच ठेवला.

भांडण तसं एका वाक्याचं.
मी म्हणालो, लाकडाच्या होड्यांना आता गिऱ्हाईक कुठाय.
ते म्हणाले, गिऱ्हाईक नाही म्हणून मुलगाही नको काय.
हेच जरा हळू म्हणाले असते
तर मी राहिलोही असतो कदाचित.
पण ईदच्या सकाळी मी हात चुंबायला वाकलो
आणि त्यांनी तो मागे घेतला,
कोटाच्या खिशात घातला, सगळ्या गल्लीदेखत.
माझं कपाळ तिथंच राहिलं,
हवेत, वाकलेलं.

मुनेव्वेर, माझी आई, फेब्रुवारीत गेली.
तिला उचललं तेव्हा ते पुढे होते, मी मागे,
मध्ये चार चुलत्यांचे खांदे.
चढावर सगळा भार माझ्याकडे आला
आणि मला वाटलं, आता तरी ते वळून बघतील.
रात्रीच्या बसनं मी परतलो.
नंतर गुरुवार यायचे
आणि नुसतेच जायचे.

मे महिन्यात तायलानला घेऊन गेलो. नऊ वर्षांचा आहे.
कुरुजाशिलेच्या उतारावर बस वळली
तसा तो म्हणाला, समुद्र काळा कुठाय?
छपरीत होडी उभी होती, एका अंगानं पुरी,
दुसऱ्या अंगाला एका फळीएवढी फट.
फटीतून पलीकडचं कोंबड्यांचं खुराडं दिसत होतं.
"बाबा," मी म्हणालो.
"बाबा."
तिसऱ्यांदा जवळजवळ ओरडलोच.
ते रंधा पुसत होते, पुसतच राहिले.
आई, हे तू नव्हतं सांगितलंस.
मला त्यांचे घाव ऐकवत होतीस
आणि त्यांना स्वतःला ते ऐकू येत नव्हते.

तायलान सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला,
फटीकडे बोट दाखवलं.
"ही एकट्याला वाकत नाही," ते त्याला म्हणाले,
बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात,
जणू तो माझ्याएवढा लांब होता.

मग त्यांनी भुशाचा जाळ केला,
फळीवर ओली फडकी टाकली.
चेस्टनटचं लाकूड तापलं की
करपू लागलेल्या भाकरीसारखा वास सुटतो,
तो मी विसरलो होतो असं मला वाटत होतं.
त्यांनी एक टोक धरलं.
दुसऱ्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही, टोकाकडे.
मी धरलं.
"आता."
"हळू."
"अजून."
अकरा वर्षांनंतरचे तीन शब्द, तेही फळीला उद्देशून.

ती वाकली. होडीच्या कुशीला लागली.
त्यांनी एका हातानं शिकंजा आवळला,
दुसरा, डांबरानं माखलेला, मोकळा होता क्षणभर.
तायलाननं तो घेतला,
त्याच्या आईनं बसमध्ये चढवताना शिकवलं होतं तसा चुंबला,
कपाळाला लावला.
भुवईच्या वर काळा पट्टा उमटला.
ते त्या पट्ट्याकडे बघत राहिले,
बाहीनं पुसायला गेले, तो आणखी पसरला.

माझे दोन्ही हात फळीला होते.
थंड होईस्तोवर सोडायची नसते,
सोडली की ती पुन्हा सरळ होते,
हे त्यांनीच शिकवलेलं, मी तायलानएवढा असताना.
वारा पडला होता.
थंड व्हायला बराच वेळ लागणार होता.