दोन मीटर

दर पाच वर्षांनी मी येते, फीत घेऊन.
कायदा सांगतो: टेकडीच्या पायथ्यापासून
चारी बाजूंनी दोन मीटर,
नांगर नाही, खत नाही, खुंटा ठोकायचा नाही.
दोन मीटर म्हणजे एक माणूस आडवा,
शिवाय थोडी जागा, पाय ताणायला.

जटलँडच्या या सपाट अंगावर
अशी टेंगळं माझ्या यादीत चारशे अकरा.
हिचा नंबर सत्तावन्न. नकाशावर नाव, मारेनची टेकडी.
मारेन कोण, गावात कुणालाच ठाऊक नाही.
आत जो कोणी आहे, ओकच्या पोखरलेल्या खोडात निजवलेला,
त्याला जाऊन साडेतीन हजार वर्षं झाली,
आणि त्याचं नाव मारेन नक्कीच नव्हतं.

वाउन कडेला उभा, हात खिशात.
"बापाने कोरली," तो आपणहूनच सांगतो,
"शेजाऱ्याचा बांध कोरावा तशी. दर साली एक तास.
गोल होती, चौकोनी झाली.
आई म्हणायची, मेल्याच्या टाळूवरचं लोणी खातोस.
तो म्हणायचा, लोणी कुठलं, चार पोती राई."

मी त्याला सांगत नाही, सांगितलं तर हिशेब उलटा फिरेल:
टेकडी नुसत्या मातीची नाहीच, गवताची आहे.
त्या लोकांनी कुरणाची साल काढली,
विटांसारखे तुकडे कापले,
गवत खाली, मुळं वर,
थरावर थर पालथे घातले.
एका माणसासाठी कित्येक एकर उघडे पाडले.
गुरं कुठे चरली असतील त्या उन्हाळ्यात?
छेद घेतला की अजून दिसतात काळ्या रेघा,
घडी घालून ठेवलेलं कुरण.
तेव्हा आधी कोणी कोणाचं शेत खाल्लं
हे विचारू नये.

दक्षिणेच्या उतारावर मी थांबते.
"बिज्जू," वाउन मागून म्हणतो. जरा लवकरच म्हणतो.
बिज्जूला दंड नाही.
गेल्या साली दोनशे तीस नंबरातून
त्याने काशाची एक सुई बाहेर ढकलली
आणि तिच्यावर मुतून गेला.
पण बिज्जू माती उधळतो, ढीग तसाच सोडतो.
ही जागा थोपटलेली आहे.
मी गुडघ्यांवर बसते, कडेचा तुकडा बोटाने उचलते.

गवत खाली. मुळं वर.

पश्चिमेचा वारा. वर कुठेतरी चंडोल.
वाउन टोपी काढतो, पुन्हा घालतो.
"ट्रुले," तो म्हणतो. "चौदा वर्षं.
इथेच बसायची, ट्रॅक्टर नजरेत राहावा म्हणून.
दोनच वीत खणलं. त्याच्या अंगापर्यंत गेलो नाही."
"गवत पालथं का घातलंत?"
"असंच. हिरवी बाजू तिच्याकडे असावी."

या प्रश्नावर आमच्या खात्यात
तीन कपाटं भरून कागद आहेत.

"पुन्हा असं करायचं नाही," मी म्हणते.
हे म्हणण्याचा मला पगार मिळतो.
"पुन्हा करायला उरलंय कोण," तो म्हणतो.

फॉर्मात रकाने: नुकसान. खोली. कोणाकडून.
थंडीने पेन उमटत नाही, मी ते काखेत धरते.
खोली लिहिते, चाळीस सेंटिमीटर.
कोणाकडून, ते गाडीत बसून भरीन.

मग फेरी मारतो आम्ही,
फितीचं एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.
उत्तरेला बरोबर. पश्चिमेला बरोबर.
पूर्वेला एक मीटर ब्याऐंशी.
"अठरा कमी," मी म्हणते.
तो फीत खाली ठेवतो,
आणि कोवळी राई हाताने उपटू लागतो,
ओळीने, मुळासकट,
मी आजच उपटा म्हटलेलं नसताना.