दुसऱ्या वॉल्ट्झच्या वेळी

चिमटे माझ्या ताब्यात असत.
कपडे वाळत घालायचे, लाकडी, दोनशे.
मोरकॅमच्या धक्क्यावर वारा कुणाचं ऐकत नाही.
चिमटे नसते तर सव्वीस वादकांची पानं
भर पोल्कात समुद्रावर गेली असती.

बाकी वेळ मी प्रती उतरवायची.
एडविन थ्रेलफॉलचं पेन्सिलीतलं गिचमिड अक्षर,
आणि रात्री व्हायोलावाला अर्नशॉ दारात:
"मिस ग्रिमशॉ, ही विश्रांती आहे की मेलेली माशी?"
माशीच असायची.

दुपारी तीनला तो छडी उचलायचा, लोकांकडे पाठ करून.
ज्यांच्यासाठी जन्म घालवायचा
त्यांचीच तोंडं बँडमास्तरला दिसत नाहीत.
मला दिसायची.
आरामखुर्च्या, मांडीवर सँडविच,
नेल्सनचे, बर्नलीचे विणकर आठवड्याच्या सुट्टीवर.
मागांच्या खडखडाटात हयात काढलेली ही माणसं
आवाज न करता बोलतात, ओठ ताणताणून;
ट्रंपेटसमोरही त्यांच्या गप्पा अडत नाहीत.
माझी आई बेचाळीस वर्षं चार मागांवर होती.
ती भाषा मला दुधातून आली.

कार्यक्रम संपला की घाम पुसत विचारायचा,
"दुसऱ्या वॉल्ट्झच्या वेळी काय बोलत होते?"
"बटाटे महागले म्हणाले."
"आणि तिसऱ्या रांगेतले?"
"तुमच्या कोटाची शिवण उसवलीय म्हणे."
तो वहीत टिपून ठेवायचा.
"त्यांना बोलता येईल एवढी जागा सुरांत हवी," म्हणायचा.
जाणकारांनी याच गोष्टीला हलकं संगीत म्हटलं.

एकच गोष्ट मी सांगितली नाही.
सदतीस सालचा ऑगस्ट. हिरव्या टोपीतली एक बाई
नवऱ्याला ओठांनी म्हणाली,
"हे वाजवून झालं की मी उठणार,
आणि घरी परत यायची नाही."
शेवटचा सूर. ती उठली. टाळ्या.
आणि थ्रेलफॉलने, टाळ्यांना भुललेल्या त्या भोळ्या माणसाने,
तेच पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.
ती उभीच. सोळा मात्रा.
मग बसली, कारण मागच्यांना दिसत नव्हतं.
पुढचं मला माहीत नाही. वारा सुटला होता,
माझे हात पानांवर होते.

मग लंडन. रेडिओ. मापून मागवलेले तुकडे:
गजबजलेला बाजार, पन्नास सेकंद.
आशा, सव्वा मिनिट, शेवट नको.
पत्रात लिहायचा, इथे लाल दिवा लागला की
सगळे श्वास धरतात, कोण काय बोलतं
कळायला मार्ग नाही.
मग गिटारी आल्या. सव्वीसांचे अकरा झाले,
अकराचे तीन,
तिघांचं एक टेपयंत्र.

आता त्याला ऐकू येत नाही, अजिबात.
रविवारी मी जाते, समोर बसते, ओठ ताणून बोलते.
ऐंशीव्या वर्षी शिकलाय आमची गिरणीची भाषा;
अडखळतो, पण समजतं.
मघाशी कुणाच्या तरी रेडिओवर त्याचंच काहीतरी लागलं,
नाव न सांगता.
आज हिरव्या टोपीचं सांगून टाकावं म्हणून आले होते.
पण दारात दोन परिचारिका त्या सुरांवरून बोलत होत्या,
आणि त्याने आधी तेच विचारलं.
"रात्रपाळीचं," मी म्हटलं. "आणि कुणाच्या तरी दातदुखीचं."
थरथरत्या हाताने त्याने
उशीखालून वही काढली.