विषयाच्या रकान्यात

सात वाजून दहा मिनिटं. दहा नंबरच्या बसमध्ये
उभ्या उभ्या, एका अंगठ्याने
मी अकरा इमारती सांभाळतो.

उजवीकडे ढकललं की कपाटात,
डावीकडे ढकललं की कचऱ्यात.
चौथ्या मजल्यावरचे झिगांते: पुन्हा ओल.
सोबत फोटो सात, सातही एकाच भिंतीचे,
सातव्यात त्यांची चप्पल.
वकीलबाई दे मार्की: तळमजल्यावरचा कुत्रा
रात्री दोनला भुंकतो, कलम अमुक, पोटकलम तमुक.
कुत्र्याचा मालक: कुत्रा नव्हे, तो बोरा वारा.
त्रिएस्तमध्ये हे कारण कुणाच्या बापाला खोडता येत नाही.

अ‍ॅप मोठं मनकवडं.
प्रत्येक पत्राखाली तीन तयार उत्तरं घेऊन
वाढप्यासारखं वाकून उभं राहतं:
"ठीक आहे." "आभारी आहे." "बघतो."
मला जे शिकायला वीस वर्षं लागली
ते याला पहिल्याच आठवड्यात आलं.
मी "बघतो"वर टेकतो.
ओल बघतो, कुत्रा बघतो,
छपराचा उडालेला पत्रा, शेजारच्या अंगणात पडलाय म्हणे, बघतो.

आणि सात पंधराला, न चुकता,
सगळ्यांच्या वर तरंगून येतो ब्रूनो.
विषय: होडी.
बाबांच्या होडीला गिऱ्हाईक आलंय. हो की नाही, कळव.
एवढंच. खाली सही नाही,
सख्ख्या भावाला कशाला लागते सही.
घड्याळाच्या चित्रावर बोट: उद्या सकाळी.
उद्या सकाळी घड्याळाच्या चित्रावर बोट.
भिजत घोंगडं,
रोज पिळायचं आणि पुन्हा त्याच पाण्यात टाकायचं.
ब्रूनो मुज्जाला राहतो, खाडीपलीकडे.
त्याच्या गल्लीतले दिवे मला रात्री गॅलरीतून मोजता येतात.
बोटीने अर्धा तास.
मेलने अकरा आठवडे, आणि अजून चालूच.
त्याच्याही पत्राखाली तीन उत्तरं वाढलेली असतात:
"हो, चालेल." "नको." "नंतर बोलू."
तिन्ही खरी आहेत, हीच पंचाईत.

आज चौकात बस अडली.
वाऱ्याने तीन स्कूटर एकमेकींवर निजवल्या होत्या.
तेवढ्यात नेरीनाबाईंचं पत्र.
तिसरा मजला, वय एक्क्याण्णव, भाच्याने दिलेला टॅबलेट.
त्या सगळं विषयाच्या रकान्यातच लिहितात,
खालचं पान कोरं, धुतलेल्या ओट्यासारखं.
वाक्य पडद्याच्या कडेशी तुटलं होतं:
"कोचियान्चिच साहेब लिफ्ट नीट चालतेय पाणी येतंय काहीसुद्धा बिघडलेलं नाही म्हटलं कळवावं कारण"

उघडलं.
"बिघडल्यावर सगळेच कळवतात"

हे कुठे ठेवू?
माझ्याकडे ओल आहे, लिफ्ट आहे, थकबाकी आहे, भांडणं आहेत.
असला कप्पा मी कधी काढलाच नव्हता.
अ‍ॅपही गोंधळलं असावं, म्हणालं:
"माणूस पाठवतो."
मला हसू फुटलं. शेजारचा पोरगा कानातलं काढून बघायला लागला.
मी ते पत्र पुन्हा न वाचलेलं करून टाकलं,
राहू दे दिवसभर ठळक अक्षरांत.

मग ब्रूनोला.
"होडी" हा शब्द पुसून तिथेच टाइप केलं,
स्वल्पविराम न शोधता:
"ठरलं नाही अजून रविवारी येतो तिच्या बुडाला शेवाळ धरलं असेल घासायला दोघं लागतात विकायची तर स्वच्छ विकू नाही विकायची तरी"
आणि खालचं पान कोरं ठेवलं.

पाठवल्यावर पाच सेकंद एक काळी पट्टी दिसते:
मागे घ्यायचं?
या पट्टीने मला आजवर बऱ्याच गोष्टींतून वाचवलंय.
पण बसने धक्का दिला,
अंगठा दांडीला गेला.

उतरलो. कोपऱ्यावर उभ्यानेच एक कापो इन बी,
काचेच्या एवढुशा पेल्यात, बोटं भाजत.
खिशात फोन दोनदा थरथरला.
एक झिगांते. आठवा फोटो.
दुसरं पलीकडून, सगळं वरच्या रकान्यात:
"ब्रश तू आण माझ्याकडचे टकले झालेत"